एक दात मागे

"ताई, हा एवढ्या टोकाला का गेलाय?"

गॅरेजमधल्या पोराने बोट दाखवलं ते डिस्ट्रीब्युटरकडे. आमच्या मारुती ८०० चा टायमिंग बेल्ट बदलायचा म्हणून गाडी नेली होती, बॉनेट नुकतंच उघडलं होतं, अजून एक पानासुद्धा लागला नव्हता, आणि हा पहिलाच प्रश्न. डिस्ट्रीब्युटर म्हणजे प्लगांना ठिणगी वाटून देणारा भाग, तो जिथे बोल्टने बसतो तिथे एक लांबट खाच असते. बोल्ट सैल केला की तो थोडा इकडे थोडा तिकडे फिरतो, ठिणगी जरा आधी पाडायची की नंतर ते तिथे ठरवतात. धड असलेल्या गाडीत बोल्ट खाचेच्या मधल्या भागात कुठेतरी असतो. आमचा पार शेवटाला टेकला होता, पुढे केसभर जागा नव्हती. मी हे बॉनेट लहानपणापासून बघतेय, तो डिस्ट्रीब्युटर कायम तसाच तिरका बसलेला, मला वाटायचं या गाडीत तो असाच असतो. पोरगा काही बोलला नाही पुढे, नुसता 'हं' म्हणाला आणि जॅक आणायला गेला. पण तो 'हं' माझ्या डोक्यात बसला तो बसलाच.

गाडी १९९४ ची आहे, एमएच ०८, म्हणजे रत्नागिरीची, अण्णांनी नवी कोरी घेतलेली. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, चार गिअर. आता हिला क्लासिक म्हणायचं का यावर माझा भाऊ मुंबईहून फोनवर वाद घालतो. सरकारच्या २०२१ च्या नियमाप्रमाणे विंटेज म्हणजे पन्नास वर्षांच्या वरची गाडी, त्या हिशोबाने आमची अजून पोरच आहे. पण १४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या ८०० ची चावी दिली गेली आणि जानेवारी २०१४ मध्ये शेवटची बनली, या मधल्या तीस वर्षांत आपल्याकडच्या किती घरांची ही पहिली गाडी होती ते आठवून बघा. माझ्या लेखी ती क्लासिक आहे. आणि कोकणात इतकी वर्षं गाडी पत्र्यासकट जिवंत ठेवणं हे काय असतं ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. समुद्रावरून येणारी खारी हवा दाराच्या कडा आतून खाते, पावसाळ्यात चार महिने सीटांना बुरशीचा वास, पडवीत उभी केली तर उंदीर वायरी कुरतडतात. दर पाच वर्षांनी पासिंगला न्यायची तेव्हा अण्णा आधी आठवडाभर हाताने पॉलिश करत बसायचे.

बेल्टपर्यंत पोचणं हेच मोठं काम. फॅनबेल्ट काढा, वॉटर पंपाची पुली काढा, मग क्रँकची पुली. तिचा मधला बोल्ट गंजून असा धरला होता की पान्याला पाइप लावूनही हलेना, रात्रभर डिझेल सोडून ठेवलं तेव्हा दुसऱ्या दिवशी कुईऽऽ असा आवाज करत सुटला. इंजिन आडवं बसवलेलं, त्यामुळे बॉडीच्या पत्र्यात आणि पुलीत हात जेमतेम जातो, तोही मनगट वाकवून. शेवटी कव्हर निघालं. आत काळपट धूळ, त्यात बेल्टच्या रबराची पूड, आणि एक विशिष्ट वास येतो, जुन्या रबराचा आणि गरम तेलाचा मिळून, तो मला उगाच आवडतो. बेल्टच्या पाठीवर बारीक आडव्या भेगा पडल्या होत्या. रबर किलोमीटरने जातं तसंच नुसत्या वर्षांनीही जातं, उभ्या गाडीतलंसुद्धा, हे लोक विसरतात. आणि बेल्टवर, वरच्या पुलीवर, खालच्या पुलीवर, सगळीकडे पांढऱ्या पेंटचे ठळक ठिपके होते. कोणीतरी आधीच्या वेळी खुणा करून ठेवलेल्या. मी म्हटलं, चला बरं झालं, आयत्या खुणा आहेत, जुना काढा, त्यावरूनच नवा लावा.

पोराने मान हलवली. म्हणाला, "ह्या कोणीतरी हाताने केलेल्या खुणा आहेत ताई. कंपनीची खूण खाली असेल." मग त्याने चिंधी पेट्रोलमध्ये बुडवून पुसायला घेतलं. पांढरा निघाला तर त्याच्याखाली पिवळा निघाला. तोही तंतोतंत त्याच जागी. म्हणजे एकाने पिवळ्याने खूण केली, काही वर्षांनी दुसऱ्याने बेल्ट बदलताना त्या पिवळ्यावरच पांढरा लावला, आणि आता तिसऱ्याने त्यावर आणखी एखादा रंग लावायचा एवढंच बाकी होतं. पिवळ्याच्या खाली नुसता पुलीचा लोखंडी दात होता. काहीच खूण नाही. कंपनीची खूण त्याच्या शेजारच्या दातासमोर होती.

एक दात.

ज्यांनी हे कधी उघडून बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण हे मला स्वतःलाच फार सुंदर वाटतं. खालची पुली क्रँकवर, म्हणजे पिस्टन वरखाली होतात त्याच्यावर. वरची पुली कॅमवर, व्हॉल्व्ह उघडबंद करणाऱ्यावर. खालचीचे दोन फेरे झाले की वरचीचा एक होतो, म्हणून वरच्या पुलीला दात दुप्पट. या दोघांना एकमेकांशी बांधून ठेवणारं काय, तर दात असलेला एक रबराचा पट्टा, आतमध्ये काचेच्या धाग्यांच्या दोऱ्या. दुसरं काहीही नाही. खालच्या पुलीवर पंच मारलेला एक बारीक ठिपका असतो, तो ऑइल पंपाच्या बॉडीवरच्या बाणासमोर आणायचा. वरच्या पुलीवरची खूण मागच्या कव्हरवरच्या व्ही आकाराच्या खाचेसमोर आणायची. दोन्ही एकाच वेळी समोरासमोर असताना बेल्ट चढवायचा. नुसती खालची जुळून भागत नाही, कारण ती दर फेऱ्याला बाणासमोर येतेच, वरची तेव्हा अर्धा फेरा मागेही असू शकते. आणि एक दात म्हणजे काय मोठं असं वाटत असेल तर हिशोब करा. समजा वरच्या पुलीला ४० दात आहेत, तर एक दात म्हणजे ९ अंश, आणि क्रँकच्या हिशोबात १८. व्हॉल्व्ह तितके उशिरा बंद होणार, आत ओढलेली थोडी हवा परत बाहेर ढकलली जाणार, कमी फेऱ्यांवर इंजिनाचा दम जाणार. पोराने नंतर सांगितलं की कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघितलं तेव्हाच त्याला संशय आला होता. तिन्ही सिलिंडरचं कमी, पण तिन्हीचं सारखंच कमी. पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर तिघांनी असं एकमताने वागलं नसतं.

आणि डिस्ट्रीब्युटरचं कोडंही तिथेच सुटलं. तो या इंजिनात कॅमवरूनच फिरतो. कॅम एक दात मागे पडला की ठिणगीही तितकीच मागे पडते, गाडी मग धड चालूच राहत नाही. तेव्हा ज्याने कोणी बेल्ट लावला त्याने कानाने ऐकत ऐकत डिस्ट्रीब्युटर फिरवला, फिरवला, खाचेच्या टोकापर्यंत नेला आणि ठिणगी तेवढी जागेवर आणली. गाडी गुळगुळीत चालू लागली असणार. व्हॉल्व्ह मात्र मागेच राहिले.

आता आंबा घाटाकडे यावं लागेल. माझी आत्या कोल्हापूरला, त्यामुळे आमचं सगळं लहानपण हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा या रस्त्यावर गेलं. साखरप्याच्या पुढे चढ लागला की अण्णा गिअर दुसऱ्यात टाकायचे आणि एसी नसलेल्या त्या गाडीत आम्ही सगळे आपोआप गप्प व्हायचो, जणू आम्ही बोललो तर तिला आणखी त्रास होईल. अर्ध्या घाटात एक वळण आहे, डाव्या हाताला दरी मोकळी दिसते, तिथे अण्णा गाडी बाजूला घ्यायचे. बॉनेट वर. कापड धरूनसुद्धा रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही हे दर वेळी आम्हाला बजावायचं. आई डबा काढायची, घावन आणि ओल्या नारळाची चटणी, उन्हाळ्यात त्याच्याबरोबर आमरसाची बाटली. पावसाळ्यात ढग खालून वर यायचे आणि गाडीच्या गरम बॉनेटवर थेंब पडून चर्र वाजायचे. माकडं कठड्यावर रांगेत. भाऊ आणि मी इंजिनातून येणारा तो टिक टिक आवाज मोजायचो, थंड होत जाणाऱ्या लोखंडाचा. "चढाला दमते ती," अण्णा म्हणायचे, "दमू दे तिला." आमच्या घरात हे वाक्य माणसांसाठीसुद्धा वापरायचे. आईला बरं नसलं की अण्णा आम्हाला हेच सांगायचे, दमू दे तिला.

पण सुरुवातीला असं नव्हतं, हे मला या बेल्टच्या निमित्ताने पहिल्यांदा कळलं. संध्याकाळी घरी येऊन मी जेवताना सगळं सांगितलं, पिवळा, पांढरा, शेजारचा दात. आई एकदम म्हणाली, "अगो, नवी घेतली तेव्हा कुठे थांबायची? आत्याच्या मुंजीला आपण सरळ गेलो होतो की वरपर्यंत." (मुंज म्हणजे आत्याच्या मुलाची, आई असंच बोलते.) मग ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मला वाटायचं पोरं मोठी झाली, वजन वाढलं म्हणून दमते." याच्यावर काय बोलावं मला सुचेना. म्हणजे आई इतकी वर्षं समोरच्या सीटवर बसून हे मनात धरून होती, की आम्ही वाढतोय आणि गाडीला जड होतोय. मला आठवलं, बारावीनंतर एकदा ती म्हणाली होती मी एसटीने येते, तुम्ही तिघे पुढे व्हा. तेव्हा वाटलं होतं तिला गाडी लागते.

अण्णा काही मानायला तयार नव्हते. त्यांचा मुद्दा असा, की टायमिंग आउट असतं तर हातखंबा ते पालीच्या सपाटीला ती एवढी कशी पळायची? गाड्या मागे टाकायचो आपण. आणि यातली गोची अशी की त्यांचं म्हणणं खरं आहे. कॅम मागे पडला की खालच्या फेऱ्यांवर दम जातो, पण वरच्या फेऱ्यांवर इंजिन तितकं रडत नाही. सपाटीवर मोकळी सोडली की ती खरंच छान पळायची. तेव्हा अण्णांनी जी गाडी चालवली, जिचा त्यांना अभिमान होता, तीही खोटी नव्हती. मी त्यांना कागदावर काढून दाखवलं, दोन गोल, मध्ये पट्टा. त्यांनी चष्मा लावून बघितलं, पेन्सिल घेऊन माझा खालचा गोल लहान केला, म्हणाले प्रमाणात काढ.

पिवळा ठिपका कोणाचा ते आम्हा सगळ्यांना माहितीये. नाव लिहीत नाही, ते मेस्त्री आता नाहीत आणि त्यांची मुलं इथेच आहेत. त्यांचा हात फियाट, अॅम्बेसेडर आणि जीपवर तयार झालेला. फियाट-अॅम्बेसेडरच्या इंजिनांत चेन असते. चेन सैल पडली की खळखळ आवाज करून आधी सांगते, बेल्ट तुटेपर्यंत गप्प असतो. जर्मनीत ग्लास नावाच्या कंपनीने १९६२ मध्ये असा दातांचा रबरी पट्टा कारखान्यात मोठ्या संख्येने बनणाऱ्या गाडीच्या इंजिनात पहिल्यांदा घातला, १९६६ ला फियाटच्या १२४ स्पोर्टमध्ये लांप्रेदी या इंजिनियरने तो आणला, पण आपल्याकडे रस्त्यावर दिसत होती ती फियाट जुन्या चेनवालीच. इथल्या मेस्त्रींच्या हातात रबराचा पट्टा आला तो या मारुतीबरोबर. मॅन्युअल कुठून असणार? जुना काढताना खूण करायची, नवीन त्यावर बसवायचा, ही रीत काही मूर्खपणाची नाही, आजही कितीतरी जण करतात. गडबड होते ती टेन्शनरच्या, म्हणजे बेल्ट ताणून धरणाऱ्या पुलीच्या वेळी. टेन्शनर ज्या बाजूला आहे तिकडेच सैलपणा ठेवून दुसरी बाजू ताठ ओढून घ्यायची असते. तसं नाही केलं तर खुणा जुळलेल्या दिसतात आणि टेन्शनर आवळला की वरची पुली हळूच एक दात सरकून बसते. नंतर क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून परत बघितलं तरच ते दिसतं. त्यांनी बहुतेक बघितलं नसावं, आणि मग जे बसलं त्याच्यावरच पुढच्यासाठी म्हणून नीट पिवळी खूण करून ठेवली. काळजीनेच केली. हेच तर मला खुपतं. हा तोच माणूस, ज्याने रात्री अडीच वाजता भर पावसात येऊन गाडी चालू करून दिली म्हणून आजी वेळेत सिव्हिलला पोचली. पैसे घेतले नाहीत. मला त्यांच्याबद्दल राग नाही, पण चूक झाली नाही असंही मी म्हणणार नाही, दोन्ही खरं आहे.

राग आला असेल तर पांढऱ्यावाल्याचा. मोठं गॅरेज होतं ते, शहरातलं, बसायला खुर्च्या, भिंतीवर दर लावलेले. त्यांच्याकडे माहिती होती, हत्यारं होती, आणि तरी समोर पिवळी खूण दिसली म्हणून तिच्यावर पांढरी मारून मोकळे झाले. डिस्ट्रीब्युटर टोकाला का आहे हा प्रश्न एकालाही पडला नाही. प्रश्न पडायला काय लागतं? या पोराला पडला, पत्र्याच्या शेडमध्ये, आयटीआय करून अजून फार वर्षं झाली नसतील त्याला.

नवीन बेल्ट लावताना मी तिथेच उभी होते. बरोबर ऑइल सील आणि टेन्शनरची बेअरिंगही बदलली, एवढं उघडलंय तर सोडायचं नाही हे त्याचं म्हणणं मला पटलं. खालचा ठिपका सरळ बघता येत नाही, वरून वाकून बघितलं तर अर्धा दात पुढे-मागे वाटतो, नजरेचा तिरकेपणा. तर त्याने खिशातून छोटा आरसा काढला, खाली पत्र्याला टेकवून तिरका धरला, टॉर्च आरशात मारला. आणि मला बोलावलं. आरशात काळ्या लोखंडावर तो ठिपका, दाण्याएवढाही नाही, आणि त्याच्यासमोर बाणाचं टोक. गुरगावला कुठल्यातरी मशीनने १९९४ साली पंच केलेला, आणि मधली सगळी वर्षं रंगांच्या शेजारी अंधारात बसलेला. मग बेल्ट चढवला, ताठ बाजू ओढून घेतली, टेन्शनरचा स्प्रिंग लावला. प्लग आधीच काढलेले होते म्हणून क्रँक पान्याने हलका फिरत होता. एक फेरा, खालची खूण आली, वरची तळाला. दुसरा फेरा, दोन्ही समोर. मग टेन्शनर आवळला, परत दोन फेरे, परत आरसा. त्याने मला पाना दिला आणि म्हणाला आता तुम्ही फिरवा. प्लग नसतानाही कॅमच्या उंचवट्यांवर जरा जड लागतं आणि मग एकदम सुटतं, ते मनगटाला कळतं. शेवटी डिस्ट्रीब्युटर मध्यावर आणला. बोल्ट खाचेच्या मध्यावर, दोन्हीकडे जागा सोडून. मी विचारलं पुढच्यासाठी पेंटची खूण करायची का. नको म्हणाला, पुढचा जो येईल त्याला मूळची शोधू दे.

घाटात मी आधी एकटीनेच नेली. खरं सांगायचं तर भीती वाटत होती, नक्की कशाची ते सांगता येणार नाही. साखरप्याच्या पुढे चढ लागला, सवयीने दुसरा टाकला, आणि ती तिसरा मागायला लागली. आवाजच वेगळा, खालून भरून येणारा. ते वळण आलं तेव्हा तापमानाचा काटा मधल्या रेघेवर होता, थांबायला काही कारण नव्हतं. मी थांबले नाही. वर आंब्याला पोचून चहा घेतला आणि तिथे मला खूप आनंद झाला आणि त्याचबरोबर पोटात खड्डाही पडला. इतका दम हिच्यात होता आणि आम्ही तिला दमलेली म्हणून वागवलं. पण न दमती तर आई तिथे डबा उघडती का? कोल्हापूर गाठायची घाई असलेले आम्ही दरी बघत अर्धा तास बसलो असतो का कधी? घावन आत्याकडे जाऊन खाल्ले असते, गार. मला दोन्ही हवंय आणि दोन्ही मिळणार नाही, हे काही डोक्यातून जात नाहीये.

परत येऊन अण्णांना सांगितलं तिसऱ्यात चढली. "काहीतरीच," म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीपाशी उभे होते, बॉनेट उघडून, डिस्ट्रीब्युटरच्या खाचेवर बोट ठेवून. मग आत येऊन त्यांनी विचारलं, हे असं कुठल्या वर्षी झालं असेल? आम्ही दोघांनी मिळून जुनी बिलं काढली. पहिल्या बेल्टचं बिल मिळालं नाही, मेस्त्री बिल देतच नसत.

कव्हरची रबरी पट्टी फाटलेली निघाली, रत्नागिरीत मिळाली नाही, कोल्हापूरहून मागवलीये. ती आली की कव्हर पुन्हा एकदा उघडायचंय, पाऊस सुरू व्हायच्या आत, नाहीतर आत पाणी जाईल. अण्णा म्हणालेत तेव्हा मीही येणार, मला तो ठिपका बघायचाय. मी म्हटलं अण्णा, तिथे वाकावं लागतं, तुमचे गुडघे. तर म्हणाले, "वाकतो कशाला? माझा दाढीचा आरसा घेतो की बरोबर."